धुक्यातील वाट : वैमानिक जे. आर. डी. टाटा ह्यांचे चरित्र

पावसाळ्यात घाटमाथ्यावरून पायी प्रवास करणाऱ्या आमच्या उपदेशकबंधूंस धुके म्हणजे काय हे समजावून सांगावयास नको. पुढच्या गावच्या मंडळीस दुपारच्या उपासनेसाठी वेळेवर पोहोचावयाचे असते, आणि एकाएकी ढग खाली उतरून हाताच्या अंतरावरचे झुडूपही दिसेनासे होते. पायाखालची वाट हरवली म्हणजे मनुष्य थांबतो, काठीने जमीन चाचपतो, किंवा हाक मारून कोणी ओ देतो की काय हे ऐकतो. परंतु ज्याच्या पायाखाली जमीनच नाही आणि ज्यास क्षणभरही थांबता येत नाही, अशा मनुष्यास ढगाने वेढले तर त्याने काय करावे? विमान चालविणाऱ्यास हा प्रश्न नित्य पडतो. ह्या प्रश्नाशी ज्यांचा जन्मभर संबंध आला आणि ज्यांनी आमच्या मुंबई बेटाच्या उत्तरेस अंधेरीजवळील जुहू येथून आपल्या देशाच्या हवाई टपालाचा पाया घातला, त्या जहांगीर रतनजी दादाभाई टाटा ह्यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

जहांगीर ह्यांचा जन्म ता. २९ जुलै १९०४ रोजी फ्रान्स देशाची राजधानी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी दादाभाई हे नवसारीकडील पारशी घराण्यातील, आणि जमशेटजी टाटा ह्यांचे नातलग व सहकारी होते. आई सुझान ह्या फ्रेंच होत्या. त्यामुळे मुलाचे बालपण कधी फ्रान्सात, कधी मुंबईत असे गेले. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो नावाचे गाव आहे. तेथे टाटा कुटुंब उन्हाळ्यात राहावयास जाई. त्याच गावी लुई ब्लेरिओ ह्यांचेही घर होते. इंग्लंड व फ्रान्स ह्यांमधील समुद्र १९०९ साली विमानाने प्रथम ओलांडणारे ते हेच ब्लेरिओ. त्यांचे विमान कधी कधी तेथील वाळूवर उतरे, आणि हा लहान मुलगा ते डोळे भरून पाही. पुढे पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यास विमानात बसून एक फेरी मारावयास मिळाली. आपणही एके दिवशी हे यंत्र चालवू, ही इच्छा तेव्हापासून त्याच्या मनात दृढ झाली.

परंतु इच्छा पुरी होण्यास पुष्कळ वर्षे लागली. आई १९२३ साली वारली, व वडील १९२६ साली वारले. बावीस वर्षांच्या ह्या तरुणावर धाकट्या भावंडांचा भार पडला आणि त्यास कारभारात लक्ष घालावे लागले. अशात १९२८ साली जुहू येथे विमाने उतरण्याची जागा तयार झाली व मुंबई फ्लाइंग क्लब सुरू झाला. टाटा तेथे शिकावयास जाऊ लागले, आणि ता. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांस वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिलेला तो पहिला परवाना होय. त्यावर क्रमांक १ असा होता.

ह्यानंतर आगाखान ह्यांनी इंग्लंड व हिंदुस्थान ह्यांमधील अंतर एकट्याने विमानातून काटणाऱ्या हिंदी मनुष्यास ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. टाटा कराचीहून पश्चिमेस निघाले. अस्पी इंजिनियर नावाचा सतरा वर्षांचा पारशी मुलगा इंग्लंडहून पूर्वेस निघाला. मिसर देशात अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीच्या विमानाच्या इंजिनास ठिणगी देणारे प्लग बिघडल्यामुळे तो अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यास दिले. त्याचे विमान चालू झाले, आणि बक्षीस थोड्या फरकाने त्या मुलानेच जिंकले. हाच अस्पी इंजिनियर पुढे १९६० साली भारताच्या हवाई दलाचा प्रमुख झाला. प्रतिस्पर्ध्याची अडचण ही आपली संधी असे मानणारे जगात पुष्कळ आहेत. टाटांनी तसे मानले नाही, ही गोष्ट येथे नमूद करून पुढे जाऊ.

त्या काळी इंग्लंडचे टपाल विमानाने कराचीपर्यंत येई. तेथून पुढे ते आगगाडीने जाई. ते टपाल कराचीहून मुंबईस व मद्रासेस विमानानेच न्यावे, अशी कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या अनुभवी वैमानिकाने काढली, आणि टाटांनी ती उचलली. सरकारने पैशाची मदत देण्याचे नाकारले; तथापि टाटा कंपनीचे जॉन पीटरसन ह्यांनी वृद्ध दोराबजी टाटा ह्यांचे मन वळविले आणि दोन लक्ष रुपयांच्या भांडवलास त्यांची संमती मिळविली. भपका काहीच नव्हता. जुहूच्या चिखलवट जमिनीवर झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी, दोन लहान विमाने, होमी भरूचा नावाचे एक वैमानिक, स्वतः टाटा व व्हिन्सेंट, व तीन यंत्रकारागीर, एवढाच तो पसारा होता.

ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास टाटा पस मॉथ जातीचे एकच इंजिन असलेले लहान विमान घेऊन कराचीहून निघाले. बरोबर सुमारे २५ किलो टपाल होते. अहमदाबादेस उतरून त्यांनी तेल भरून घेतले. हे तेल बैलगाडीतून विमानापर्यंत आणीत, हे वाचून आमच्या खेडेगावच्या वाचकांस कौतुक वाटेल. दुपारी दोन वाजण्यास दहा मिनिटे असता विमान जुहूस उतरले. तेथून व्हिन्सेंट मद्रासेचे टपाल घेऊन बल्लारीच्या मार्गाने पुढे गेले, व दुसऱ्या दिवशी मद्रासेस पोहोचले. त्या दिवशी हवा चांगली होती. परंतु वर्षाचे सर्व दिवस तसे नसतात, आणि टपाल तर दर आठवड्यास यावयाचे.

ह्या कामात जोखीम कोणती होती, हे समजण्यासाठी मनुष्याच्या शरीराविषयी एक गोष्ट जाणून घेतली पाहिजे. आपण सरळ उभे आहो की कललेले, हे आपणांस मुख्यतः डोळ्यांनी कळते. आणि कानाच्या आत सूक्ष्म नळ्या असून त्यांतील पाणी हलल्याने काही अंशी कळते. फुगडी खेळून मुली एकाएकी थांबल्या म्हणजे सारे अंगण गरगर फिरत आहे असे त्यांस वाटते. अंगण स्थिर असते. कानातील पाणी तेवढे फिरत असते. ढगात शिरलेल्या वैमानिकाची हीच अवस्था होते. विमान हळूहळू एका अंगास कलून वळू लागते. आरंभी त्यास ते जाणवत नाही, आणि काही क्षणांनी कानातील पाणी स्थिरावले म्हणजे आपण सरळच जात आहो अशी त्याची पक्की खात्री होते. कोणी विमान खरोखर सरळ केले, तर आता ते उलट बाजूस कलले असे त्यास वाटून तो पुन्हा पहिल्या बाजूस वळवितो. इतक्यात विमानाचे नाक खाली जाते व वेग वाढतो. तो घाबरून दांडा मागे ओढतो. त्यायोगे वळण अधिकच आवळते, आणि घिरट्या घालीत विमान जमिनीकडे धावते. दोष इंजिनाचा नसतो, वाऱ्याचा नसतो. आपल्या मनास जे वाटते तेच खरे, असे मनुष्य धरून चालतो, म्हणून घात होतो.

अमेरिकेत इलिनॉय येथील विद्यापीठात १९५४ साली ह्याची परीक्षा झाली. यंत्रांच्या आधाराने उडण्याचे शिक्षण न मिळालेल्या वीस वैमानिकांस, बाहेरचे काही दिसू नये अशी व्यवस्था करून विमान चालविण्यास दिले. विसांपैकी एकासही ते सावरता आले नाही, आणि ताबा सुटण्यास सरासरी १७८ सेकंद लागले. म्हणजे तीन मिनिटेही नव्हेत. शेजारी जाणता वैमानिक बसला होता म्हणून कोणाचा प्राण गेला नाही. पुढे त्यांस एक साधी कृती शिकविण्यात आली. ती ही की, ढगाशी संबंध येताच यंत्रांकडे पाहत सावकाश अर्धे वळण घ्यावे, आणि जेथून आलो त्या उजेडाकडे परत जावे. हे शिकल्यावर बहुतेक सर्वांस ते साधले.

ही यंत्रे कोणती? होकायंत्र दिशा दाखविते. हवेच्या दाबावरून उंची दाखविणारे एक यंत्र असते, आणि वेग दाखविणारे दुसरे असते. मुलांचा भोवरा जोराने फिरत असता आपली उभी रेषा सोडीत नाही, हे आपण पाहतो. त्याच तत्त्वावर फिरते चक्र बसवून विमान किती वळत आहे व किती कलले आहे हे दाखविणारी यंत्रे तयार झाली. अमेरिकन सेनेतील जेम्स डूलिटल ह्यांनी ता. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळ आपल्या बैठकीवर आच्छादन घालून, बाहेरचे काहीही न पाहता, केवळ यंत्रे व बिनतारी संकेत ह्यांच्या आधाराने विमान वर नेले, फिरविले आणि खाली उतरविले. टाटांना परवाना मिळाला त्याच वर्षीची ही गोष्ट. परंतु तीन वर्षांनी जुहूस आलेल्या टपाली विमानात बिनतारी यंत्र नव्हते, आणि वाटेवरच्या जमिनीवर दिवे अथवा संकेत दाखविणारी कोणतीही सोय नव्हती.

आता पावसाळ्याचा विचार करा. जुहूची जमीन इतकी सखल होती की, भरतीच्या वेळी समुद्राची पातळी तिच्याहून उंच असे. पहिला पाऊस पडला की तेथे चिखल व पाणी माजे, आणि विमान उतरविणे अशक्य होई. म्हणून दर पावसाळ्यात कंपनी आपले सर्व बिऱ्हाड पुण्यास येरवड्याच्या मैदानावर नेई. ह्यामुळे चिखलाची अडचण टळली, पण सह्याद्री आडवा आला. घाटात आषाढ-श्रावणातील ढग डोंगरांच्या माथ्यांवर टेकलेले असतात. त्यांच्या खालून जावे तर दरी अरुंद होत जाते आणि पुढे कडा उभा असतो. त्यांच्यातून जावे तर वर सांगितलेला घात. रेल्वेचे रूळ पाहत जाणे ही त्या काळच्या वैमानिकांची आवडती रीत होती. परंतु बोरघाटात आगगाडी बोगद्यात शिरते, आणि वैमानिकास तर तिच्या मागून आत शिरता येत नाही.

अशा वाटेने जाणाऱ्या वैमानिकाचा बचाव ज्या नियमांनी होतो ते फार साधे आहेत. निघण्यापूर्वी पुढील ठिकाणची हवा विचारून घ्यावी. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यास आले. त्या इमारतीस पुणेकर अद्याप सिमला ऑफिस म्हणतात. उतरावयाचे ठिकाण झाकले गेले तर दुसरे कोठे उतरता येईल हे आधी ठरवावे, आणि तेथवर पुरून उरेल इतके तेल घ्यावे. वाटेतील सर्वांत उंच डोंगर किती उंच हे पाठ असावे, कारण उंचीचे यंत्र समुद्रापासूनची उंची सांगते. खालचा डोंगर किती वर आला हे ते सांगत नाही. मागे उजेड आहे तोवरच परत फिरावे. पुढचे व मागचे दोन्ही झाकले गेल्यावर परत फिरण्याची बुद्धी उपयोगी पडत नाही. आणि ढगात सापडल्यास अंगास काय वाटते ते न मानता यंत्रे मानावीत, व एक यंत्र दुसऱ्याशी ताडून पाहावे.

टाटा व त्यांच्या सोबत्यांनी ह्या वाटेवर काय करून दाखविले? पहिल्या वर्षात त्यांच्या विमानांनी १,६०,००० मैलांचा प्रवास केला, १५५ उतारू व सुमारे पावणेदहा टन टपाल नेले, आणि कंपनीस ६०,००० रुपये नफा झाला. सरकारच्या नागरी विमान खात्याने आपल्या अहवालात त्यांची विशेष वाखाणणी केली. कारण पश्चिम घाटावरील पावसाळ्याच्या कठीण महिन्यांतही त्यांचे टपाल शंभरांत शंभर वेळा वेळेवर पोहोचले होते. सावधपणा म्हणजे आळस, आणि शौर्य म्हणजे बेपर्वाई, असे ज्यांस वाटते त्यांनी ह्या अहवालाचा विचार करावा.

परंतु ही वाट निर्धोक झाली असे कोणी समजू नये. व्हिन्सेंट हे १९४२ च्या जानेवारीत युद्धकाळी इंग्लंडहून हिंदुस्थानास परत येण्यास विमानाने निघाले, ते पुन्हा दिसले नाहीत. टाटांचा हा उजवा हातच गेला. ता. १२ जुलै १९४९ रोजी डच कंपनीचे चार इंजिनांचे मोठे विमान मुंबईस उतरण्याच्या बेतात असता, पाऊस व खाली आलेले ढग ह्यांमुळे घाटकोपरच्या डोंगरावर आदळले. त्यातील ४५ मनुष्यांपैकी एकही वाचले नाही. तो डोंगर सातशे फुटांहूनही कमी उंच आहे. घाटकोपर, भांडुप, मुलुंड येथील लोक तसले डोंगर रोज दारातून पाहतात. विमान मोठे होते, यंत्रे पुष्कळ होती, वैमानिक जाणते होते. परंतु जितक्या उंचीखाली येऊ नये त्याच्या खाली ते आले. ह्यानंतर सोळा महिन्यांनी, ता. ३ नोव्हेंबर १९५० रोजी, टाटांच्या स्वतःच्या एअर इंडिया कंपनीचे मलबार प्रिन्सेस हे विमान जिनिव्हाकडे जात असता वादळी हवेत माँ ब्लाँ पर्वतावर आदळले, आणि त्यातील ४८ जण मृत्यू पावले. ह्याच विमानाने ता. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनकडे प्रयाण करून ह्या देशाची पहिली विलायती हवाई सेवा सुरू केली होती, आणि तेव्हा टाटा स्वतः त्यात बसले होते. मृतांत बहुतेक आपल्या देशाचे गरीब खलाशी होते. बोटीवर कामास लागण्यासाठी ते निघाले होते. त्यांच्या घरी कोणी तरी पैशाची वाट पाहत होते, आणि बातमी मात्र ही आली. विमान चालविणाऱ्याच्या एका चुकीचा, अथवा त्याच्या दुर्दैवाचा, भार किती घरांवर पडतो, हे येथे दिसून येते.

टाटांच्या पुढील आयुष्याचा वृत्तांत थोडक्यात सांगू. १९३८ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते टाटा घराण्याच्या सर्व उद्योगांचे अध्यक्ष झाले. त्यांच्या विमान कंपनीस १९४६ साली एअर इंडिया हे नाव मिळाले. सरकारने १९५३ साली ती आपल्या ताब्यात घेतली. तरी सरकारच्या विनंतीवरून टाटा तिचे अध्यक्ष राहिले, आणि १९७८ पर्यंत पगार न घेता त्यांनी ते काम पाहिले. विमानातील पडदे व चहा ह्यांपासून सर्व लहानसहान बाबी ते स्वतः पाहत व चुका लिहून कळवीत. पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षे झाली तेव्हा, ता. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ह्या वृद्ध गृहस्थांनी जुन्या बनावटीचे लहान विमान पुन्हा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस आणले. १९९२ साली त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली. ता. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे देहावसान झाले, आणि ज्या पॅरिस शहरी ते जन्मले तेथेच त्यांस मूठमाती देण्यात आली. जुहूचा विमानतळ आजही आहे; भोवती दाट वस्ती झाली असून तेथे मुख्यत्वे हेलिकॉप्टरे उतरतात.

टाटा आमच्या धर्माचे नव्हते; त्यांच्या मतांविषयी येथे काही सांगावयाचे नाही. परंतु मुंगीपासूनही शिकावे, अशी शलमोन राजाची शिकवण ज्यांस मान्य आहे, त्यांनी एका सद्गृहस्थाच्या उद्योगापासून बोध घेण्यास अनमान करू नये.

पहिला बोध हा की, आपल्या अंतःकरणास जे वाटते ते नेहमी खरे असते असे नाही. दुःखात, संतापात किंवा मोहात सापडलेला मनुष्य हळूहळू कलत असतो, आणि आपण सरळच चाललो आहो अशी त्यास खात्री असते. अशा वेळी बाहेरच्या स्थिर मापाकडे, म्हणजे देवाच्या वचनाकडे, पाहिले पाहिजे. विश्वासाने चालणे आणि डोळ्यांना दिसेल तेवढ्यावर चालणे ह्यांतील भेद प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीस दाखविला आहे, तो ह्याच जातीचा आहे. परंतु हेही ध्यानात ठेवा की, वैमानिक यंत्रे वाचावयास ढगात शिरल्यावर शिकत नाही. स्वच्छ उजेडाच्या दिवशी तो ती सवय करून ठेवितो. जो सुखाच्या दिवसांत शास्त्र उघडीत नाही, त्याच्या हाती ते संकटात एकाएकी कसे उपयोगी पडेल?

दुसरा बोध, परत फिरण्यात लाज नाही. चुकीच्या वाटेवर चार पावले पडली असता मागे फिरणे ह्यासच आपण पश्चात्ताप म्हणतो. तो मागे उजेड दिसतो आहे तोवर करावा. लोक काय म्हणतील ह्या भयाने पुढे रेटणारे पुष्कळ जण डोंगराशी जाऊन भिडले आहेत.

तिसरा बोध मंडळ्यांच्या पुढाऱ्यांकरिता आहे. वैमानिकाच्या पाठीशी बसलेल्या लोकांस पुढचे काही दिसत नाही. ते त्याच्या भरवशावर स्वस्थ असतात. उपदेशक, वडीलजन व आईबाप ह्यांच्या पाठीशीही असेच जीव बसलेले आहेत. आपल्या हट्टाची किंमत ते देतील, हे त्यांनी विसरू नये.

ह्या पावसाळ्यात घाटावरून कोणा वाचकाच्या डोक्यावरून विमानाचा आवाज गेला आणि ढगामुळे ते दिसले नाही, तर त्याने क्षणभर थांबावे. त्यातील मनुष्यांसाठी व ते चालविणाऱ्यासाठी एक लहानशी प्रार्थना करावी. आणि मग स्वतःच्या वाटेविषयी देवास विचारून पुढचे पाऊल टाकावे.